कोंबडीला नेमकं काय झालंय तेच कळत नाही, अशा वेळी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना, की अडीच वर्षांची तपकिरी कोंबडी, घरच्या सहा जणींपैकी एक, पाच दिवसांपासून पिसं फुलवून कोपऱ्यात बसतेय, शेपटी खाली, तुरा फिका पडलाय, दाणे टाकले की टोच मारल्यासारखं करते पण गिळत काही नाही, शीट पातळ हिरवट-पांढरी, आठवडाभर अंडं नाही, आणि बाकीच्या पाच ठणठणीत. तुम्ही आधी जंताचं औषध दिलंत, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यात अँटिबायोटिक टाकलं, मग व्हिटॅमिन, मग कॅल्शियम, आणि आता विचारताय की हा रोग कुठला आणि बाकीच्या पाच जणींनाही तेच सगळं द्यायचं का.

रोगाचं नाव मी आत्ता सांगू शकत नाही, आणि एवढ्या माहितीवर कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. मी पशुवैद्यक आहे, सुरुवातीची वर्षं मोठ्या लेअर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, काढली आणि नंतर परसातल्या कोंबड्यांकडे वळले. फार्मवर एक कोंबडी म्हणजे आकडा असतो, मेलेल्या चार फाडून बघायच्या आणि उरलेल्या हजारोंचं ठरवायचं, त्यामुळे एकच कोंबडी हातात घेऊन तिला काय होतंय ते शोधायचं हे मला फार उशिरा यायला लागलं, आणि तेही बऱ्याच कोंबड्या माझ्या हातून गेल्यावर. म्हणून जरा लांबड लावतेय, वाचा.

पहिली गोष्ट. ती पाच दिवसांपूर्वी आजारी पडलेली नाही. पाच दिवसांपूर्वी तिला लपवणं जमेनासं झालं. कोंबडी हा दुसऱ्याच्या तोंडचा घास असलेला पक्षी, अशक्त दिसली की बाहेरचा शत्रू तर उचलतोच पण घरच्या मैत्रिणीपण टोचून काढतात, त्यामुळे अंगात बळ आहे तोवर ती सगळ्यांबरोबर फिरते, दाण्यावर धावते, खाल्ल्याचं नाटकसुद्धा करते. तुम्ही लिहिलंत ना टोच मारते पण गिळत नाही, तेच ते.

दुसरं म्हणजे तुम्ही दिलेली लक्षणं, फुललेली पिसं, खाली शेपटी, फिका तुरा, न खाणं, ही जवळजवळ प्रत्येक आजारात दिसतात. हिरव्या शिटेचंपण तेच. हिरवी शीट म्हटली की लोक लगेच राणीखेत, मानमोडी म्हणून मोकळे होतात. होते त्यातही हिरवी, पण पोटात अन्न जात नसेल आणि नुसतं पित्त खाली उतरत असेल तरी हिरवीच होणार. आणि पांढरा भाग म्हणजे तिची लघवी, युरेट्स, कोंबडीला वेगळी लघवी नसते. म्हणजे तुमच्या कोंबडीची हिरवट-पांढरी पातळ शीट मला एवढंच सांगते की ती काही दिवस नीट जेवलेली नाही. (जाता जाता, दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट आणि भयानक वासाची शीट पडते ती सीकमची, म्हणजे आतड्याला असलेल्या बंद पिशव्यांची, ती नॉर्मल आहे, तिला हगवण समजून औषध देणारे मी खूप पाहिलेत.)

आता सगळ्यात आधी जे बाजूला काढायचं ते काढू. दोन-तीन दिवसांत एकापेक्षा जास्त पक्षी अचानक मेले, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, पायांवर रक्ताचे डाग दिसले, मान पिळवटली, तर पुढचं काहीही वाचू नका, पक्ष्यांना हात लावू नका, मेलेला पक्षी उघडून बघू नका, सरळ सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा, कारण बर्ड फ्लू आणि राणीखेत दोन्ही कळवायचे आजार आहेत आणि बर्ड फ्लू माणसालाही लागू शकतो. तुमच्याकडे पाच दिवस झाले, एकच आजारी आहे आणि पाच मस्त खातायत, म्हणजे हे तसं वाटत नाही. तरी तिला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, तिच्यासाठी वेगळी चप्पल ठेवा आणि आधी बाकीच्यांचं करून मग शेवटी तिच्याकडे जा, उलट नको.

रोग कळेपर्यंत काय करायचं, तर ऊब, पाणी आणि वजन. कोंबडीचं नॉर्मल तापमानच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, माणसाला असतं तर आपण दवाखान्यात पळालो असतो, त्यामुळे हाताला गरम लागतेय म्हणजे ताप आहे असं काही नसतं. उलट न खाणाऱ्या कोंबडीची सगळी ताकद स्वतःला गरम ठेवण्यात जाते, पिसं फुलवून बसते ती त्याचसाठी. एक मोठा खोका घ्या, खाली जुना टॉवेल, एका बाजूला बल्ब किंवा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, म्हणजे त्या बाजूला २८-३० अंश होईल आणि नको वाटलं तर तिला सरकायला जागा राहील. चोच उघडून धापा टाकायला लागली तर जास्त झालं, लगेच कमी करा, आणि बाहेर आधीच उकाडा असेल तर हे सगळं नकोच. शक्य असेल तर जाळीतून बाकीच्या तिला दिसतील असं ठेवा, एकटी पडलेली कोंबडी आणखी खचते आणि परत सोडताना मारामाऱ्यापण कमी होतात.

पाणी पाजताना चोच उघडून सिरिंजने आत सोडायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजा. जिभेच्या मागच्या बाजूलाच तिच्या श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं, आणि आजाराने न मेलेली कोंबडी आपल्या मायेने मरते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती आपोआप जीभ काढून गिळते, नाहीतर चोचीचं टोक वाटीत बुडवा. इलेक्ट्रोलाइट पावडर असेल तर पाण्यात घाला, पण शेजारी साध्या पाण्याचं भांडंही ठेवा. खाणं भरवायची घाई नको, अंग गरम झालं, पाणी पोटात गेलं, क्रॉप (गळ्याखालची दाण्याची पिशवी) रिकामा होतोय हे कळलं की मग भिजवलेलं मऊ खाद्य थोडं थोडं. आणि धरताना छातीभोवती घट्ट दाबू नका, कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, श्वास घ्यायला छातीचं हाडच पुढे-मागे हलावं लागतं, ते दाबून धरलंत तर ती गुदमरते. लहान मुलं प्रेमाने कवटाळतात तेव्हा मला नेहमी भीती वाटते.

वजन रोज सकाळी, खायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून. वाटतं बरं दिसतंय आज, जरा उठली होती, असं लोक सांगतात आणि काटा सांगतो की कालपासून आणखी ४० ग्रॅम गेले. माझा काट्यावर जास्त विश्वास आहे.

आता हाताने बघायचं. मांडीवर घ्या, डोकं तुमच्या काखेकडे, आणि आधी छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी भरलेलं मांस लागलं तर आजार ताजा, सुरीच्या पात्यासारखं हाड हाताला लागलं तर ही बरेच आठवडे आतून खंगतेय, आणि मग पाच दिवसांत काय बदललं हा विचार सोडून दोन महिन्यांत काय बदललं हे आठवायला लागेल, खाद्याची नवी गोणी, नवी कोंबडी आणली होती का, खुराड्याची जागा, असं.

मग क्रॉप, म्हणजे गळ्याखाली तिच्या उजव्या बाजूला असते ती दाण्याची पिशवी. हिला रात्री चाचपून उपयोग नाही, रात्री सगळ्यांचीच भरलेली असते. सकाळी पहिला दाणा पडायच्या आधी बघा, रात्रभरात रिकामी व्हायला हवी. भरलेली आणि कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर आत लांब गवत, दोरा, पेंढा असं काहीतरी गुंतून अडकलंय, पाण्याच्या फुग्यासारखी डुबडुबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत आंबलंय, बुरशी, कॅन्डिडा वाढलाय. काही लोक सांगतात की उलटी धरून ओकवा. नका करू, तसंच श्वासात जाऊन हातातल्या हातात मेलेल्या कोंबड्या माझ्याकडे आणल्या गेल्यात. घट्ट असेल तर थोडं कोमट पाणी थेंबाथेंबाने आणि दिवसातून तीन-चारदा हलका मसाज, दोन दिवसांत फरक नाही तर डॉक्टरकडे, क्रॉप उघडून साफ करणं हे छोटं ऑपरेशन आहे आणि बऱ्याच कोंबड्या त्यातून छान उठतात. पण एक लक्षात ठेवा, पुष्कळदा क्रॉप हा मूळ आजार नसतोच, खाली कुठेतरी वाहतूक तुंबलेली असते म्हणून वर गर्दी होते. गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटात, रुतलेला खिळा, तारेचा तुकडा, किंवा पोटात दुसरंच काही. कोंबडी चमकणारं काहीही उचलते, घरात नुकतंच सुतारकाम किंवा वायरिंग झालं असेल तर एक्स-रे काढाच.

आणि आता पोट, कारण तुमच्या कोंबडीत माझा पहिला संशय इथेच आहे. अडीच वर्षांची, सहा जणींतली एकटीच, अंडी बंद, शेपटी खाली, हे वाचलं की माझं डोकं आधी अंड्याच्या यंत्रणेकडे जातं. जरा विचार करा, रानकोंबडी वर्षाला जेमतेम १०-१५ अंडी घालते आणि आपण निवडून निवडून केलेली कोंबडी ३०० च्या आसपास घालते. एका अंड्याला २४ ते २६ तास, त्यातले १८-२० तास नुसतं कवच चढायला, आणि प्रत्येक कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम, जे खाद्यातून पुरलं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. एवढी मशीन रोज चालवली तर बिघाड तिथेच होणार ना.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतील, चालू अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावतात, अंडी बंद असेल तर जेमतेम एक. मग दोन पायांच्या मधलं पोट हलक्या हाताने चाचपा आणि शेजारी एका ठणठणीत कोंबडीचंही चाचपा, तुलना केल्याशिवाय काही कळणार नाही. अंडं अडकलं असेल तर कडक गोल वस्तू लागते, ती पेंग्विनसारखी उभी राहते, शेपटी वर-खाली करून जोर लावत राहते. त्याला कोमट पाण्याच्या टबात १५-२० मिनिटं बसवणं, कॅल्शियम, अंधार आणि शांतता, आणि आत अंडं फोडायचा प्रयत्न अजिबात नको, कवचाच्या कडांनी आतून फाटते. पण खरं सांगू, अंडं अडकलेली कोंबडी असा आठवडा काढत नाही सहसा, एक-दोन दिवसांत इकडे नाहीतर तिकडे होतं, म्हणून तुमच्या बाबतीत ते मला कमी वाटतं.

जास्त वाटतं ते हे, की पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं किंवा कणकेसारखं लागतंय का. अंड्याचा बलक नळीत जायच्या ऐवजी पोटात पडला आणि त्यात ई. कोलाय नावाचा जंतू वाढला की पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते, पेरिटोनायटिस. दुसरा प्रकार म्हणजे अंडनलिकेलाच इन्फेक्शन होऊन आत पू साचतो आणि त्याचे चीजसारखे थर चढतात, कधी रबरासारखा विचित्र गोळा अंड्याच्या जागी बाहेर पडतो, कापला तर कांद्यासारखे पापुद्रे. मागच्या एक-दोन महिन्यांत तिने मऊ कवचाची, बिनकवचाची, वेडीवाकडी अंडी घातली होती का ते आठवा, बऱ्याचदा ती पहिली सूचना असते आणि आपण शिंपल्याचा चुरा वाढवून गप्प बसतो. तिसरी गोष्ट गाठी. अंडाशयाचा कॅन्सर कोंबड्यांमध्ये वय वाढलं की आपोआप होतो आणि इतका नेहमी होतो की बायकांच्या त्या कॅन्सरच्या संशोधनासाठी कोंबडीच वापरतात. या तिन्हींमध्ये बाहेरून दिसणारं चित्र एकच, आणि ते म्हणजे तुम्ही लिहिलेलं.

इलाज आहे का, तर थोडाफार आहे. पोटात पाणी असेल तर डॉक्टर सुईने काढतात, श्वास लगेच मोकळा होतो, इन्फेक्शन असेल तर योग्य अँटिबायोटिक आणि दुखण्याचं औषध, आणि अंडी काही महिने बंद ठेवायला हॉर्मोनचं इम्प्लांट मिळतं. लवकर धरलं तर काही कोंबड्या चांगल्या राहतात. उशिरा धरलं तर नाही राहत.

पण हे सगळं करायच्या आधी, आज रात्रीच, एक टॉर्च घेऊन खुराड्यात जा. हे मी का म्हणते ते सांगते. सुरुवातीच्या काळात एका घरी एक फिकट पडलेली कोंबडी होती, अगदी तुमच्या वर्णनासारखी. तुरा कागदासारखा, अंडी बंद, खंगत चाललेली. मी जंताचं औषध दिलं, लोह दिलं, व्हिटॅमिन दिलं, पिसं उलटीपालटी करून उवा बघितल्या, एक सापडली नाही, तीन आठवडे मी तिच्यावर विद्वत्ता चालवली आणि ती गेली. मग दुसरी फिकट व्हायला लागली. त्या घरातली आजी म्हणाली की हल्ली रात्री खुराड्यात शिरायलाच मागत नाहीत गं या, आम्हाला ढकलायला लागतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. रात्री दहाला टॉर्च घेऊन गेले, बसायच्या दांडीच्या खालून हात फिरवला आणि हात लाल. लाकडाच्या प्रत्येक फटीत लाल माइट, गोचिडीच्या जातीचे बारीक किडे, शेकड्याने, रक्त पिऊन फुगलेले. हे कोंबडीच्या अंगावर राहतच नाहीत, दिवसा फटीत लपतात, रात्री येऊन पितात आणि परत जातात, त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासा, स्वच्छच दिसणार. मी तीन आठवडे चुकीच्या वेळी बघत होते. घरी येऊन मी स्वतः दोन वेळा आंघोळ केली तरी रात्रभर खाजवत होते ते वेगळंच.

तर दांडीची टोकं जिथे भिंतीत घुसतात तिथे बघा, फटीत पांढऱ्या कागदाचा कोपरा फिरवून कागदावर चिरडा, लाल रेघ उठली तर तेच. गरम हवेत यांची एक पिढी आठवड्याभरात तयार होते आणि काही न खाता हे कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून खुराडं महिनाभर रिकामं ठेवून उपयोग नाही आणि एकदा फवारूनही नाही. उकळतं पाणी किंवा वाफ प्रत्येक फटीत, दांड्या काढून साफ, कोंबड्यांना चालणारं माइटचं औषध, आणि पाच ते सात दिवसांनी परत, आणि त्यानंतर परत, कारण अंड्यातून नवीन निघालेले पहिल्या वेळेला सुटलेले असतात. कोंबडीच्या अंगावरपण बघाच, गुदद्वाराभोवती पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी, आणि तिथलीच पिसं काळपट, मळकी दिसली तर दुसऱ्या जातीचा माइट, जो अंगावरच राहतो. लाल माइट निघाले तर सगळ्यांनाच होणार, मग ही एकटीच का पडली, तर तिला आधीचं काहीतरी असेल, किंवा ती बरोबर फटीच्या शेजारी बसत असेल. दोन्ही बघितलंय.

फिक्या तुऱ्याबद्दल अजून एक, पिसं झडायच्या दिवसांत किंवा खुडूक बसलेल्या कोंबडीचा तुराही बारीक आणि फिका होतो आणि अंडी बंद होतात, पण त्या कोंबडीचे डोळे चकचकीत असतात आणि ती हात घातला की फुगून रागावते. तुमची रागावत नाहीये असं दिसतंय. आणि जर ती भरपूर लठ्ठ असेल, दिवसभर दाणे आणि घरातलं उरलंसुरलं खाऊन, तर लिव्हरवर चरबी चढून आतल्या आत रक्तस्राव होतो, तेव्हाही तुरा पांढराफटक, पण त्या बहुतेक इतके दिवस आजारी न दिसता सकाळी मेलेल्याच सापडतात.

लंगडतेय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. एक पाय पुढे एक मागे असा पसरत असेल, किंवा एका डोळ्याची बुबुळं राखाडी आणि बाहुली वेडीवाकडी दिसत असेल तर मरेक्स, हंगेरीच्या योझेफ मारेक नावाच्या पशुवैद्यकाने १९०७ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलं म्हणून ते नाव. पण तो बहुतेक तलंगांचा रोग, काही आठवड्यांपासून सात-आठ महिन्यांपर्यंतचा, त्यावर औषध नाही, लस पिल्लू अंड्यातून निघाल्या निघाल्याच द्यायची असते. मान आणि पाय अगदी लुळे, कापडासारखे, तर कुठे सडलेलं काही किंवा त्यातल्या अळ्या खाल्ल्या का बघा, बोटुलिझम. रक्ती हगवणपण मुख्यतः तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांची, अडीच वर्षांच्या कोंबडीत मी ती शेवटी धरेन. एवढंच की पिल्लांना कधी त्यावरचं औषध, अँप्रोलियम, द्यायची वेळ आली तर त्याच वेळी बी-१ असलेलं टॉनिक देऊ नका, ते औषध कॉक्सिडियाला, म्हणजे ही हगवण करणाऱ्या परजीवीला, बी-१ मिळू न देऊनच मारतं, तुम्ही वरून बी-१ ओतलंत तर दोघांची मारामारी.

आता औषधांचं. रागावू नका, पण पाच दिवसांत चार औषधं दिलीत आणि त्यामुळे आता काही कळेनासं झालंय. पाण्यात टाकलेलं अँटिबायोटिक आजारी कोंबडीला मिळतच नाही, कारण ती पाणी पीत नाही, ते पितात बाकीच्या पाच, ज्यांना काही झालेलं नाही. तुम्ही दिलेलं जर टेट्रासायक्लिनच्या जातीचं असेल तर कॅल्शियम त्याला पोटातच पकडून ठेवतं, म्हणजे वरून कॅल्शियम देऊन तुम्हीच ते निकामी केलंत. शिवाय अँटिबायोटिकने चांगले जंतू मेले की क्रॉपमध्ये बुरशीला रान मोकळं. आणि प्रत्येक औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते पाकिटावर असतं, ते पाचही जणींच्या अंड्यांना लागू झालं कारण पाणी सगळ्यांनीच प्यायलंय, पाकीट टाकून दिलं असेल तर डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून विचारा आणि तोवर अंडी टाकून द्या. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लोक अगदी पाण्यासारखं वापरतात, त्याची परवानगी अमेरिकेने २००५ मध्ये पोल्ट्रीसाठी काढूनच घेतली, कारण कोंबडीतले जंतू त्याला दाद देईनासे झाले आणि तेच जंतू माणसात येत होते.

म्हणून सध्या सगळं थांबवा. ताजी शीट, आजच्या सकाळची, डबीत घालून लॅबमध्ये द्या, जंतांची अंडी आहेत का हे मायक्रोस्कोपखाली थोड्या वेळात कळतं आणि तुम्ही दिलेल्या औषधाने काम केलं का तेही. टेपवर्म, म्हणजे फितीसारखे चपटे जंत, असतील तर नेहमीच्या जंताच्या औषधाने जातीलच असं नाही, त्याला वेगळं लागतं. डॉक्टरांकडे जाताना वजनाचा कागद, शिटेचे फोटो, खाद्याच्या गोणीचा फोटो आणि दिलेल्या औषधांची नावं तारखेसह न्या. खाद्य ओलं झालं होतं का, बुरशीचा वास येतोय का तेही बघा, बुरशीचं विष लिव्हर खातं आणि तेही हळूहळू.

थांबायचं कधी हेपण विचारून ठेवते, कारण कुणी विचारत नाही. ऊब, पाणी, भरवणं सगळं करून तीन-चार दिवस वजन घसरतच राहिलं, उभी राहत नसेल, श्वासाला शेपटी हलत असेल, तर डॉक्टरांना शांतपणे झोपवायला सांगा. आणि गेली तर पोस्टमॉर्टेम करून घ्या. पिसं साबणाच्या पाण्याने भिजवा म्हणजे अंग लवकर थंड होतं, दोन पिशव्यांत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की आतल्या पेशी फुटतात आणि नीट काही दिसत नाही, आणि २४ तासांच्या आत पोचवा. जिवंतपणी महिनाभर जे कळलं नाही ते टेबलावर दहा मिनिटांत कळलेलं आहे मला, कितीदा तरी.

राहिल्या बाकीच्या पाच. त्यांना औषध काहीही नको. पण आज रात्री टॉर्च घेऊन जाल तेव्हा पाचही जणींना दांडीवरून उचलून वजन करा, छातीचं हाड आणि पोट चाचपा आणि वहीत लिहून ठेवा, अंधारात त्या बावळटासारख्या बसून राहतात, पळापळ होत नाही. तपकिरीचं आजारी पडायच्या आधीचं वजन आज आपल्याकडे असतं तर हे सगळं कधीपासून चाललंय हे मला विचारायला लागलं नसतं.